लेटमार्कांची हजेरी

लेटमार्कांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि या 'कुणावरही'मध्ये खुद्द लेटमार्कही आले. घराला कुलूप लावून जिना उतरताना ते अर्ध्यातून परत वर येत, कुलूप ओढून बघत आणि पुन्हा उतरताना आपण ते नीट ओढलं होतं ना, याची त्यांना शंका येई. आईवडिलांनी त्यांचं नाव चांगलं ठेवलं होतं. पण एकतीस वर्षं ज्या कारखान्यात त्यांनी टाइमकीपरची नोकरी केली, तिथल्या लोकांनी ते नाव बाद करून हे चालू केलं. पुढे ते इमारतीत, वाण्याकडे, एवढंच काय, सासुरवाडीतही रुळलं.

कारखाना पत्र्याच्या डब्यांचा. फाटकाशी लेटमार्कांची केबिन, केबिनच्या खिडकीत पंचिंगचं घड्याळ आणि शेजारी कार्डांची फळी. येणाऱ्यानं आपलं कार्ड काढायचं, घड्याळाच्या खाचेत घालायचं, ठण्ण वाजलं की कार्डावर वेळ छापली जायची. पाळी सुरू झाल्यावर पाच मिनिटांपर्यंत निळी शाई, सहाव्या मिनिटापासून लाल, आणि पाळी सुटली की पुन्हा निळी. मग कुणाच्या पोराचा ताप असो, कुणाची बस बंद पडलेली असो, लेटमार्क खिडकीतून एवढंच म्हणत, "मी नाही छापलं. घड्याळानं छापलं." मित्राचं कार्ड गुपचूप पंच करणारे महाभाग तर ते नुसत्या अंगठ्यावरून पकडत. प्रेसखात्याचं तेल काळं, झाकणखात्याचं पिवळसर. झाकणखात्यातल्या माणसाच्या कार्डावर काळा अंगठा दिसला, की त्या दिवशी लेटमार्कांना जेवण गोड लागे.

प्रेसखात्यात मात्र त्यांची डाळ शिजत नसे. तिथे अकरा प्रेस एकदम चालत आणि शेजारच्यानं कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. कामगार हातांनी बोलत. लेटमार्क दारातून आत आले, की पहिला माणूस डाव्या मनगटावर दोन बोटं मारी, ते बघून दुसरा मारी, आणि ते दहा पावलं आत येईपर्यंत सगळं खातं फोटो काढायला बसल्यासारखं कामात गढलेलं असे. ती खूण आपल्यासाठी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण पुरावा काय देणार? शेवटी एकदा त्यांनी मोठ्या प्रेसवरच्या माणसाला मेमो दिला : 'कामाच्या वेळेत विनाकारण हातवारे केल्याबद्दल.' त्या माणसाला एक दिवस घरी बसवण्यात आलं. त्याच्या प्रेसच्या आवाजावरून त्याला सगळे धडधड्या म्हणत.

निवृत्तीनंतर हा धडधड्या नेमका लेटमार्कांच्याच इमारतीत राहायला आला, तोही बरोबर त्यांच्या पायाखाली. कारखान्यानं त्याचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. ऐकू येईना तेव्हा तो दर रविवारी बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊन खुणांची भाषा शिकला, आणि आता नवरा-बायको दोघं हातांनी संसार करत होते. लेटमार्क त्याच्या दारावरून जाताना समोर बघून जात.

कारखान्यात अंगठा लावायचं नवं यंत्र आलं, तेव्हा जुनं घड्याळ कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यासकट लेटमार्कांना निरोपाची भेट म्हणून मिळालं. त्यांनी ते बाहेरच्या खोलीत लावलं. बायको म्हणाली, "आता पाळीचा भोंगा तेवढा राहिला. तोही आणा."

तर असे हे गृहस्थ. त्यांना एकच नात, सात वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. ती एका जागी टिकत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. तिच्या आईवडिलांना तिची भाषा येत होती, शाळेत तिला ती शिकवतच होते. तिचे हात सुटले की आजीआजोबा नुसते बघत राहत. लेटमार्कांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ते मान मात्र जोरात हलवत.

गेल्या सुट्टीत ती आली होती. रोज दुपारी खाली धडधड्याकडे पळे. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारा तोच तर होता! एके दिवशी लेटमार्क घड्याळाखाली पेपर वाचत बसले असताना ती वर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि डाव्या मनगटावर तिनं दोन बोटं मारली. मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मग तळवा उघडून पुढे केला. लेटमार्कांना वाटलं, किती वाजले विचारतेय. त्यांनी तिला खांद्याला धरून घड्याळाकडे वळवलं. चार वाजून दहा मिनिटं. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा मनगट, छाती, तळवा. त्यांनी पुन्हा घड्याळ दाखवलं, आता मोठ्या काट्यावर बोट ठेवून. तिनं तिसऱ्यांदा मनगटावर बोटं मारली, आणि लेटमार्कांच्या मनात पाल चुकचुकली. ही खूण त्यांनी एकतीस वर्षं पाहिली होती. रोज दुपारी पोरगी खाली कुणाकडे जाते? आणि तो मेला तिला काय शिकवतो? 'लेटमार्क आला'! स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीच्या हातून! त्यांनी तिचा हात पकडून खाली केला, "पुरे" म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर खाली घेतला तेव्हा ती तिथे नव्हती. उरलेले आठ दिवस ती त्यांच्यासमोर आली नाही.

निघताना भिंगरीची आई, म्हणजे लेटमार्कांची मुलगी, दारात थांबली.

"बाबा, ती पुढच्या सुट्टीत यायचं नाही म्हणते."

"का?"

"ते तुम्हीच तिला विचारा."

विचारता आलं असतं तर मग काय हवं होतं! मुलीनं पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. शाळेनं छापलेलं, सहाशे खुणांची चित्रं असलेलं.

"रोज अर्धा तास दिलात तर वर्षात होईल. मी पुढच्या सुट्टीत तिला एकदा आणीन. एकदाच. तेव्हाही तुम्ही पेपरच वर धरणार असाल तर यापुढे तुम्ही दोघं तिकडे या. तिला मी इथे ओढत आणणार नाही."

खाली रिक्षात बसलेल्या भिंगरीनं वर पाहिलंसुद्धा नाही. रिक्षा वळेपर्यंत लेटमार्क गॅलरीत उभे राहिले. माणूस संशयी होता, दगड नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा सोडला. वरच्या कार्डावर आपलं पूर्ण नाव लिहिलं. खाते : खुणांची भाषा. वेळ : चार ते साडेचार. घड्याळाची पाळी चार ते साडेचार लावली, म्हणजे चार वाजून पाच मिनिटांनंतर आपणही लालमध्ये. एवढं झाल्यावर त्यांना खरी अडचण दिसली. स्वतःची हजेरी स्वतःच घेणारा माणूस हा चोर असतो, हे त्यांचं आयुष्याचं मत. कुणीतरी तपासनीस हवा. बायको? ती दया करील. मित्र? एक तर फारसे नव्हते, आणि असते तर मित्र म्हणजेच दुसऱ्याचं कार्ड पंच करणारा माणूस. आपल्यावर खार खाऊन असलेलाच कुणी हवा, जो आपली चूक आनंदानं पकडेल. शिवाय त्याच्यावर आपलीही नजर राहील. अशा हिशेबानं लेटमार्क पहिल्यांदाच एक मजला उतरून धडधड्याच्या दारात उभे राहिले.

धडधड्याला ओठ वाचता येत. त्याचा स्वतःचा आवाज मात्र त्यालाच ऐकू येत नसल्यामुळे साऱ्या जिन्याला ऐकू जाई.

"दर शनिवारी कार्ड आणीन," लेटमार्क म्हणाले. "तपासायचं आणि सही करायची. चूक दिसली तर सोडायचं नाही."

"सही कशाची, साहेब?"

"हजेरीची."

"नुसती हजेरीची?"

"नुसती म्हणजे? हजेरी म्हणजे हजेरी."

धडधड्या जरासा हसला. मग "बरं" म्हणाला आणि पेन कानामागे खोचून टाकलं. ते हसू ओठांत होतं की मिशीत, हे लेटमार्कांना त्या दिवशी ठरवता आलं नाही.

आणि वर्ष सुरू झालं. तीन अठ्ठावन्नला लेटमार्क कार्ड घेऊन घड्याळासमोर उभे. चारला ठण्ण. खुर्ची ओढायची, पुस्तक उघडायचं. साडेचारला परत ठण्ण. आजारी असले तरी, पाहुणे असले तरी. एकदा दाढ काढून आले ते तोंडात बोळा धरून बसले. वक्तशीरपणात कुणी त्यांचा हात धरला नसता. पण हात! हात मांडीवर असायचे. हात हलवणारा माणूस कामचुकार असतो हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं, त्यामुळे ते खुणा नुसत्या वाचत. गाड्यांचं वेळापत्रक वाचतात तसं वरून खाली वाचत आणि पान उलटत.

शिवाय त्यांचं निम्मं लक्ष दुसरीकडेच असे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की घड्याळ ठण्ण वाजलं रे वाजलं की बायको पायांत चप्पल सरकवते, पिशवी उचलते आणि बाहेर पडते. त्यांनी पेन्सिल घेऊन कार्डाच्या पाठीमागे टिपून ठेवलं. बाहेर चार-दोन, आत चार-सत्तेचाळीस. पिशवी जाताना रिकामी, येताना रिकामी.

"कुठे गेली होतीस?"

"खाली."

"खाली कुठे?"

"अहो, खाली म्हणजे खाली. वर गच्ची आहे, तिथे नव्हते गेले."

दुसऱ्या दिवशी चार-एक आणि चार-पन्नास. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. कुठेतरी पाणी मुरत होतं. लेटमार्कांनी गॅलरीतून वाकून पाहिलं, तर ती इमारतीबाहेर पडतच नव्हती. पुस्तक मांडीवर ठेवून ते जिन्यातला आवाज मोजायला लागले. एक मजला उतरते, दार वाजतं, मग काही नाही. म्हणजे धडधड्याकडे! एकदा त्यांनी चक्क फरशीला कान लावला. पाऊण तास तीन माणसं एका खोलीत आहेत आणि एक शब्द ऐकू येत नाही. याचा अर्थ उघड होता, तिघं कुजबुजत होती. बहिऱ्या माणसाशी कुजबुज कशी करतात, हा प्रश्न त्यांना पडला नाही. संशयाला एवढी फुरसत नसते.

बायकोचंही काहीतरी बिनसलं होतं. दूध तापायची वाट बघत ती ओट्याशी उभी असली, की तिची बोटं आपोआप हलत. लेटमार्क आत आले की ती हात पदराला पुसल्यासारखं करी. एकदा त्यांना वाटलं, हिला कंप सुटलाय आणि ही आपल्यापासून लपवतेय. त्या विचारानं दोन दिवस त्यांनी तिला कपबशीही उचलू दिली नाही. मग ती सुईत एका झटक्यात दोरा ओवताना दिसली आणि ती काळजी जाऊन पुन्हा संशय जागेवर आला.

शनिवारी ते कार्ड घेऊन खाली जात. धडधड्या कार्ड उजेडात धरी, उलटं करून पेन्सिलीचे आकडेही वाची, आणि पुढच्या बाजूला सही करी. चार महिने झाले तेव्हा लेटमार्कांना राहवेना.

"एकही चूक सापडली नाही?"

"नाही साहेब. सगळं निळं आहे."

"नीट बघतोस ना?"

"तुम्ही सांगितलंत तेवढं नीट बघतो."

हा मनुष्य आपला गळा कापणार, हे लेटमार्कांना कळत होतं. कसा, तेवढंच कळत नव्हतं.

दहाव्या महिन्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, कुठवर आलंय?"

"तीनशे दोन दिवस हजेरी. लाल एकही नाही."

"अहो ते नाही. काय काय येतं तुम्हाला?"

"पुस्तक दोनदा पूर्ण झालंय."

"म्हणजे येतं ना? ती अजून येते म्हणत नाहीये, बाबा. मी तुमच्या भरवशावर तिकिटं काढतेय."

फोन ठेवून लेटमार्क आरशासमोर उभे राहिले. पुस्तक मिटून ठेवलं. 'पाणी' ही खूण त्यांना आठवली. 'झोप' आठवली. 'आई' करायला गेले तर ते भलतंच काहीतरी झालं. चौथ्या खुणेला दोन्ही हात हवेत थांबले आणि तिथेच राहिले. त्यांनी पुस्तक उघडून बारकाईनं बघितलं. चित्रं उलटी छापली असतील? शाळेच्या छपाईचा काय भरवसा! पण चित्रं सुलटी होती, आणि माणूस कितीही संशयी असला तरी काही गोष्टी त्याला कळल्यावाचून राहत नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा ठण्ण केलं आणि पुन्हा हात मांडीवर ठेवून बसले, कारण दुसरं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

भिंगरी यायला चोवीस दिवस उरले होते. त्या दिवशी बायको बाहेर पडली आणि आठ मिनिटांनी लेटमार्क खुर्चीवरून उठले. कार्ड पंच न करता जागा सोडायची त्यांची ही पहिलीच वेळ. चप्पल न घालता, कठड्याला धरून ते एक मजला उतरले. धडधड्याचं दार अर्धवट उघडं होतं. आत धडधड्या, त्याची बायको आणि आपली बायको खुर्च्या समोरासमोर ओढून बसली होती. कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता. हात मात्र सहाच्या सहा चालले होते, आणि तिघंही हसत होती. मग लेटमार्कांच्या बायकोनं डाव्या मनगटावर दोन बोटं मारली. हात छातीवर ठेवला. तळवा उघडून पुढे केला.

"वाटलंच मला!" लेटमार्कांनी दार ढकललं. "अख्खं वर्ष? इथे बसून माझ्या नावानं मनगटं बडवताय? पोरीलाही हे तूच शिकवलंस ना रे? 'लेटमार्क आला'! म्हाताऱ्याची टिंगल करायला सात वर्षांची पोर वापरलीस?"

बायको दचकून उभी राहिली. धडधड्यानं तिचा चेहरा पाहून मागे वळून बघितलं.

"सावकाश बोला, साहेब. ओठ पकडता येत नाहीत."

लेटमार्कांनी सगळं पुन्हा सावकाश म्हटलं. संतापाचं बोलणं दुसऱ्यांदा सावकाश म्हटलं की त्यात काही उरत नाही, तसंच झालं. धडधड्यानं आपल्या मनगटावर दोन बोटं मारली आणि तिथेच थांबला.

"ही आमची. प्रेसखात्याची. आणि ती तुमच्यासाठीच होती, खोटं कशाला बोलू? पण ती एवढीच. पुढे हे छातीवर आणि हा हात, ते आमच्यात नव्हतं. ते पोरीच्या भाषेतलं आहे."

"म्हणजे काय त्याचा अर्थ?"

धडधड्यानं त्यांच्या बायकोकडे पाहिलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, हे 'वेळ'. हे 'मला'. हे 'आहे का'. माझ्यासाठी वेळ आहे का, असं विचारत होती ती तुम्हाला."

लेटमार्कांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"मी तिला वेळ सांगितली," लेटमार्क म्हणाले.

"हो."

"तीनदा सांगितली."

"मलाही विचारलं होतं तिनं, तुमच्या आधी. मला तरी कुठे कळलं? मी दूध दिलं प्यायला." बायको परत खुर्चीवर बसली. "ती गेल्यावर मी इथे येऊन विचारलं, पोर अशी अशी खूण करत होती, काय म्हणत होती? तेव्हा समजलं. त्या दिवसापासून येतेय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मलाही कार्ड काढलं असतं."

आणि लेटमार्कांनी ते खरोखरच काढलं असतं.

"आणि 'वेळ' ही खूण पुस्तकात आहे," ती म्हणाली. "नवव्या पानावर. मला वाटलं, तुम्हाला पहिल्या आठवड्यातच सापडेल. मग वाटलं, सापडलीय आणि बोलत नाहीत."

नववं पान त्यांच्या डोळ्यांखालून दोनदा गेलं होतं. दोन्ही वेळा कार्ड निळं होतं. लेटमार्क धडधड्याकडे वळले.

"आणि तू? वर्षभर सह्या केल्यास!"

"मी विचारलं होतं, नुसती हजेरीची का म्हणून. तुम्ही हजर होतात, साहेब. चारला तुम्ही खुर्ची ओढली की माझा हा छताला टांगलेला दिवा हलायचा, साडेचारला पुन्हा हलायचा. मधे कधीच नाही. हे शिकणारा माणूस इतका स्वस्थ बसत नाही, तो उठतो, आरशात बघतो, चुकला की पाय आपटतो. ते मला दिसत होतं. पण ते तुम्ही विचारलं नव्हतंत." त्यानं कान खाजवला. "हातवाऱ्यांपायी एक दिवस घरी बसवलं होतंत मला. आपणहून बोलून दुसरा दिवस कशाला घालवू?"

लेटमार्कांना लाज वाटली. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो माणसांना ती वाटायला लावली होती, पण स्वतः त्यांनी तिची चव कधी घेतली नव्हती. ते तिथल्याच एका खुर्चीवर बसले. किती वाजले ते त्यांनी पाहिलं नाही.

"चोवीस दिवस आहेत," ते म्हणाले.

"मग हात वर घ्या की," बायको म्हणाली.

त्या चोवीस दिवसांत घरच्या कार्डावर एकही छाप पडली नाही. लेटमार्क सकाळी चहा घेता घेता शिकत, भाजी निवडता निवडता शिकत, धडधड्याच्या खोलीत बसून बायकोकडून बोलणी खात शिकत. त्यांची बोटं लाकडासारखी होती. 'उद्या' म्हणायला जात आणि 'मांजर' होई. धडधड्या सोफ्यावर लोळून हसे आणि लेटमार्क त्याला हसू देत. एवढं सगळं करून शेवटी त्यांच्याकडे साठेक शब्द जमले, त्यातले चाळीस भरवशाचे. वर्षभरात सहाशे व्हायचे होते.

भिंगरी आली ती आईच्या मागे लपून. आजीनं हातांनी काहीतरी विचारलं तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. मग तिचे हात असे सुटले की आजीलाही दमानं घे म्हणावं लागलं. आजोबांकडे तिनं फक्त एकदा, कडेनं पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे लेटमार्कांनी ताबडतोब ओळखलं. तो संशय होता, आणि त्याच्याशी त्यांचा घरोबा फार जुना होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेरच्या खोलीत जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. लेटमार्क तीनदा दारापर्यंत आले आणि तीनदा परत गेले. चौथ्यांदा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हातात पेपर नव्हता. त्यांनी डाव्या मनगटावर दोन बोटं मारली, हात छातीवर ठेवला, तळवा उघडून पुढे केला. माझ्यासाठी वेळ आहे का?

भिंगरीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्या पाठीमागे पाहिलं, हे कुणी शिकवून पाठवलंय का बघायला. मग ती उठली, त्यांच्या सदऱ्याची बाही धरून तिनं त्यांना वळवलं आणि घड्याळ दाखवलं. चार वाजून दहा मिनिटं.

स्वयंपाकघराच्या दारात बायकोनं तोंडावर हात ठेवला. लेटमार्कांनी मान हलवली, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. भिंगरीनं खुर्ची ओढली, वर चढली आणि मोठ्या काट्यावर बोट ठेवून, मठ्ठ मुलाला दाखवावं तसं सावकाश दाखवलं. पोरगी काही विसरली नव्हती. लेटमार्कांनी तिसऱ्यांदा मनगटावर बोटं मारली. हात छातीवर आला, पुढे झाला, आणि भिंगरीनं खुर्चीवरून वाकून तो पकडला.

आता ती तो खाली करणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी केला होता तसाच. त्यांनी डोळे मिटून घेतले.

हात खाली गेला नाही. छोटी बोटं त्यांच्या बोटांशी खटपट करत होती. त्यांनी डोळे उघडले, तर ती त्यांचा आत मुडपलेला अंगठा बाहेर काढत होती. खूण चुकत होती त्यांची, एवढे दिवस, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अंगठा सरळ झाल्यावर तिनं मान डोलावली. मग घड्याळाशेजारून त्यांचं कार्ड उचललं, घड्याळाच्या खाचेत घातलं, आणि ठण्ण हाताला लागावं म्हणून दुसरा तळवा घड्याळावर दाबून धरला. कार्ड काढून तिनं त्यांच्यापुढे केलं.

लाल शाई होती. लेटमार्कांच्या कार्डावरची आयुष्यातली पहिली. ते घड्याळाशी भांडले नाहीत. त्यांनी ते कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि गुडघे कुरकुरत असताना खाली जमिनीवर बसले.

भिंगरी समोर मांडी घालून बसली आणि बोलायला लागली. पहिलंच वाक्य त्यांच्या हातून निसटलं. मान हलवायची सवय मानेपर्यंत आली होती, ती त्यांनी तिथेच थांबवली. मग आरशात केली होती त्याहून बऱ्या खुणेनं ते म्हणाले, "कळलं नाही. परत सांग."

तिनं परत सांगितलं.